आगबोटीचे चित्र आणि इतिहासाचा पुरावा

नाशिक हे काही बंदर नव्हे. येथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. तेव्हा जुन्या जहाजांच्या अभ्यासाशी आपल्या महाविद्यालयाचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु आपल्या गावाजवळच्या पांडवलेण्यांत या प्रश्नाचे उत्तर कोरलेले आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्याने लोकांना विनामूल्य पार करणाऱ्या नावांची सोय केली, असे त्यात नमूद आहे. यांपैकी पार आणि दमणगंगा या नद्या आपल्याच जिल्ह्यात उगम पावतात. म्हणजे जलवाहतुकीचा, तोही उतारूंच्या जलवाहतुकीचा, एक फार जुना लेखी पुरावा आपल्या दाराशी आहे.

आता या लेखावरून कोणी त्या नावेचे चित्र काढावयास बसला तर काय होईल? दान कोणी दिले, कोठे दिले, कशासाठी दिले हे लेख सांगतो. नाव किती लांब होती, तिची नाळ कशी होती, एका खेपेला किती माणसे बसत, यांविषयी मात्र तो अवाक्षरही काढत नाही. वाचताना ही उणीव आपल्याला जाणवत नाही. कागदावर पहिली रेघ ओढण्याची वेळ आली की ती जाणवते. प्रस्तुत लेखाचा मुद्दा नेमका हाच आहे. जहाजाचे चित्र काढणे हा केवळ छंद नाही, ती इतिहासाची उलटतपासणी आहे. वाक्य मोघम राहू शकते, पण रेघेला कोठेतरी सुरू व्हावे लागते आणि कोठेतरी थांबावे लागते.

जहाज कागदावर कसे उतरते

जहाजाची चित्रे दोन प्रकारची असतात. एक प्रकार चित्रकाराचा. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे, ते या प्रकारातले. तेथे कथा महत्त्वाची असते. माणूस मोठा आणि जहाज लहान दिसले तरी चित्रकाराचे काही बिघडत नाही. दुसरा प्रकार आराखड्याचा. त्यात जहाज तीन बाजूंनी दाखवतात. बाजूने पाहिलेले, वरून पाहिलेले आणि समोरून आडवे कापून पाहिलेले. बाजूच्या आराखड्यात नाळ उजवीकडे ठेवण्याचा प्रघात आहे. या तिन्ही आकृत्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. एकीत दाखवलेली खिडकी दुसरीत त्याच जागी आली नाही, तर कोठेतरी चूक आहे हे लगेच कळते. पुराव्यांचा मेळ घालण्याची जी सवय इतिहासाच्या अभ्यासकाला लावावी लागते, ती येथे कागदच लावतो.

नवख्याची पहिली चूक होते ती तुतकाच्या, म्हणजे डेकच्या, रेषेत. जुन्या आगबोटींचे तुतक पट्टीने ओढल्यासारखे सपाट नसे. ते मध्यभागी खाली आणि दोन्ही टोकांना वर उचललेले असे. खिडक्यांची रांगही याच वळणाने जाते. ती सरळ ओढली की बोट तरंगती न दिसता इमारतीसारखी दिसू लागते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. एक इंच म्हणजे वीस फूट असे प्रमाण विद्यार्थ्याला सोयीचे आहे. तीस इंच लांबीच्या नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदावर या प्रमाणात मोठे जहाजही बसते. शिवाय सर्व जहाजे एकाच प्रमाणात काढली की त्यांची तुलना डोळ्यांनाच करता येते.

पुरावा कोठे शोधावा

पहिले साधन नोंदणीपुस्तकांचे. लंडनमध्ये १७६० साली स्थापन झालेल्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेच्या पुस्तकांत जहाजाचे नाव, बांधणीचे वर्ष व ठिकाण, लांबी, रुंदी, खोली, टनभार आणि यंत्र यांच्या नोंदी मिळतात. यांतील पुष्कळसे जुने साहित्य आता घरबसल्या पाहता येते. या नोंदी वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जहाजाचे नाव बदलते. सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय नौकानयन दिन पाळतो. तेच जहाज पूर्वी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने पॅसिफिक महासागरात धावत होते, आणि मध्यंतरी ते ग्वाल्हेरच्या महाराजांकडे होते. नावाच्या मागे जाणारा अभ्यासक येथे एका जहाजाची दोन जहाजे करून बसेल. म्हणून नावाबरोबर बांधणीचे वर्ष, कारखाना आणि नोंदणी क्रमांक पाहावा.

टन या शब्दानेही पुष्कळांची फसगत होते. जुन्या नोंदीतील ढोबळ टनभार हे जहाजाचे वजन नव्हे. ब्रिटनमध्ये १८५४ च्या कायद्याने रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. हे माप जागेचे आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर नोंदीतला कोरडा आकडा एकदम बोलू लागतो. त्याचे उदाहरण पुढे येईलच.

दुसरे साधन छायाचित्रांचे. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण समजतो. पण ते केव्हाचे आहे हे ठाऊक नसेल तर ते दिशाभूल करते. महायुद्धात अनेक उतारू जहाजे सरकारने ताब्यात घेतली. कोणाचे रुग्णालय झाले, कोणावर तोफा चढल्या, आणि त्याबरोबर रंगही बदलले. तेव्हा १९१६ च्या छायाचित्रावरून १९१० चे जहाज रंगवणे धोक्याचे असते. मात्र छायाचित्रात मोजपट्टीही दडलेली असते. जहाजाच्या नाळेवर आणि मागच्या टोकाला, पाण्यात किती बुडाले आहे हे दाखवणारे आकडे रंगवलेले असतात. ब्रिटिश पद्धतीत हे आकडे सहा इंच उंचीचे असत. छायाचित्रात ते स्पष्ट दिसले तर जवळपासच्या भागांची मापे त्यांच्यावरून काढता येतात. कठड्याशी उभा असलेला माणूसही असाच उपयोगी पडतो.

तिसरे साधन बांधणाऱ्या कारखान्यांच्या कागदपत्रांचे. ग्लासगो विद्यापीठाचे अभिलेखागार, न्यूकॅसल येथील टाइन अँड वेअर अभिलेखागार, ग्रिनिच येथील सागरी संग्रहालय या ठिकाणी जहाजबांधणीचे मूळ कागद जपलेले आहेत. आपल्याकडे मुंबईचे राज्य अभिलेखागार आहे आणि जुन्या वृत्तपत्रांच्या फायली आहेत. नाशिककरांना १८४० सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. चौथे साधन माणसांच्या आठवणींचे. त्याविषयी शेवटी लिहितो.

‘मोरिया’: सर्वांना ठाऊक, पण कोणी न पाहिलेली

आता नाशिककरांना सर्वांत परिचित असलेले उतारू जहाज घेऊ. भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये अटक झाल्यानंतर १ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात पाठवण्यात आले. बोट ७ जुलैला फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात पोचली, आणि ८ जुलैच्या सकाळी त्यांनी शौचकूपाच्या गोल खिडकीतून स्वतःला बाहेर काढून पाण्यात उडी घेतली. हा प्रसंग आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याची चित्रेही पाहिली आहेत. पण त्यांतील अनेक चित्रांत काय असते? चहूकडे खवळलेला समुद्र, डोंगराएवढ्या लाटा आणि दूर कोठेतरी एक गलबतवजा आकृती.

जहाजाचा अभ्यासक येथे तीन प्रश्न विचारील. बोट कशी होती? ती कोठे उभी होती? खिडकी केवढी होती?

‘मोरिया’ ग्लासगोच्या बार्कले कर्ल कारखान्यात बांधली गेली आणि १९०८ साली कामावर आली. म्हणजे त्या सकाळी ती जेमतेम दोन वर्षांची होती. लांबी सुमारे ५४० फूट, रुंदी सुमारे ६१ फूट, टनभार जवळजवळ ११,०००. तिला दोन डोलकाठ्या आणि दोन धुराडी होती. त्या वेळच्या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे धुराडी काळी आणि बोटीचे अंगही काळे. आपल्या वीस फुटांच्या प्रमाणात तिचे चित्र सत्तावीस इंच लांबीचे होईल. तीस इंचांच्या कागदावर ती कशीबशी मावते. १९३० साली ती जपानमध्ये मोडीत निघाली, त्यामुळे आज ती कागदावरच पाहायची.

दुसरा प्रश्न जागेचा. हे प्रकरण पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. निकाल ब्रिटनच्या बाजूने झाला. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात नोंदवलेली हकीकत मोलाची आहे. बोट बंदरात होती. सावरकर पोहून किनाऱ्यास लागले, धावू लागले, तेव्हा फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका अंमलदाराने त्यांना पकडले, आणि बोटीवरून उतरून आलेल्या तिघांच्या मदतीने परत बोटीवर नेले. म्हणजे चित्रात खवळलेला महासागर यायचे कारण नाही. तेथे बंदर हवे, धक्का हवा, आणि पाण्यातून वर उठणारी बोटीची उंच काळी भिंत हवी. बोट आणि धक्का यांतील अंतराविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात. अशा वेळी बंदराचा नकाशा आणि बोटीचा आराखडा एकाच प्रमाणात काढून शेजारी ठेवावे. कोणता आकडा टिकतो हे पाहण्याचा तो एक मार्ग आहे. आणखी एक बारकावा असा, की भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी अगदी थोडी असते. मुंबईत हेच चित्र काढायचे असते तर मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक वरखाली होते हे धरून घटकेघटकेचा हिशेब करावा लागला असता. मार्सेलिसला खिडकीची पाण्यापासूनची उंची मुख्यतः बोटीवरील ओझ्यावर अवलंबून राहते.

तिसरा प्रश्न खिडकीचा. त्या काळच्या बोटींवरील अशा गोल खिडक्यांचा व्यास साधारण फूटभर असे. कागदावर फूटभर व्यासाचे वर्तुळ काढावे, शेजारी माणसाच्या खांद्यांची रुंदी मांडावी, आणि दोन्हींकडे एकदा नीट पाहावे.

अशा तपासणीने त्या धाडसाची थोरवी कमी होते असे कोणास वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही. कल्पित लाटा पुसल्यावर जे उरते ते अधिक विलक्षण आहे: पहाऱ्यातला कैदी, एक अरुंद लोखंडी कडे, परका धक्का आणि हाताशी असलेली थोडीशी मिनिटे. श्रद्धेने काढलेले चित्र आपण क्षणभर पाहतो आणि पान उलटतो. पुराव्याने काढलेल्या चित्रापुढे आपल्याला थांबावे लागते.

‘रामदास’: कोकणची आगबोट

‘मोरिया’सारख्या मोठ्या जहाजाविषयी निदान कागद तरी पुष्कळ आहेत. आपली खरी उपेक्षा झाली आहे ती कोकणच्या किनाऱ्यावरील लहान आगबोटींची. कोकण रेल्वे १९९८ साली सबंध मार्गावर सुरू झाली. त्यापूर्वीची कित्येक दशके मुंबईचा चाकरमानी आगबोटीने गावी जात असे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही नावे त्याच्या तोंडी पाठ असत. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती समुद्रात उभी राही आणि उतारू पडावात उतरत. ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींची नावे आजही कोकणी घरांत निघतात. पण यांपैकी एखाद्या बोटीचे मोजमापासह काढलेले चित्र आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

यांतील सर्वांत दुःखद नाव ‘रामदास’चे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात बुडाली. सातशेच्या आसपास माणसे बोटीवर होती. सहाशेहून अधिक गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना कोकणातील कित्येक घरांत सुतक पडले. त्याच्या वीस वर्षे आधी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या.

या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिले गेले. आता ती रेघेने समजावून घेऊ. ‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडमधील स्वान हंटर कारखान्यात बांधली गेली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, टनभार ४०६. आपल्या प्रमाणात हे चित्र नऊ इंच लांबीचे होते. ‘मोरिया’च्या कागदावर ती एका कोपऱ्यात बसेल. ४०६ टन म्हणजे ४०,६०० घनफूट बंदिस्त जागा, आणि त्यातच यंत्र, बाष्पक व कोळसा.

लांबी-रुंदीचा गुणाकार ५,१९१ चौरस फूट होतो. पण बोट दोन्ही टोकांना निमुळती असते, म्हणून तीन-चतुर्थांश, म्हणजे सुमारे ३,९०० धरू. त्यातून धुराडे, जिने, यंत्राची जागा, दोरखंड यांसाठी चौथा हिस्सा वजा करू. सुमारे २,९०० उरतात. उतारूंसाठी असे दोन मजले धरले तर ५,८०० चौरस फूट. सातशे माणसांत वाटले तर माणशी आठ चौरस फूट, म्हणजे चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा. मांडी घालून बसता येईल, आडवे होता येणार नाही. हा हिशेब ढोबळ आहे आणि मूळ आराखडा हाती आल्यावर तो बदलेल. तरी ‘बोट भरलेली होती’ या वाक्यापेक्षा तो काही अधिक सांगतो.

आता दुसरा हिशेब. लाट एका बाजूने आली आणि माणसे घाबरून दुसऱ्या बाजूला धावली, असे त्या दिवसाच्या हकीकतींत सांगितलेले आहे. सातशेपैकी साडेतीनशे माणसे, प्रत्येकी पन्नास किलो धरली, तर साडेसतरा टन होतात. हे टन मात्र खरोखरीच्या वजनाचे. एवढे वजन काही क्षणांत सुमारे चौदा फूट, म्हणजे अर्ध्या रुंदीइतके, सरकते. आडव्या छेदाच्या आकृतीत हे बाणाने दाखवावे. मग गर्दीला दोष देण्याआधी, अशी गर्दी होऊ शकते हे आधी कोणी मोजायचे होते, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

आणि या चित्रात एक रेघ काढायची नाही. बिनतारी संदेशयंत्र असलेल्या बोटींच्या दोन डोलकाठ्यांमध्ये बारीक तार ताणलेली दिसते. ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे बोट बुडाल्याची बातमी मुंबईला बोटीकडून कळलीच नाही. चित्रात ती तार नाही ही गोष्ट पाहणाऱ्याच्या लक्षात यावी म्हणून तेथे एक लहानशी टीप जरूर द्यावी. नसलेल्या वस्तूची नोंद करणे हेसुद्धा संशोधनच होय.

विद्यार्थ्याने आरंभ कोठून करावा

आपल्यापैकी ज्यांना हा अभ्यास करावासा वाटेल त्यांनी आरंभी एकच लहान बोट निवडावी. एका वहीत डाव्या पानावर पुरावा आणि उजव्या पानावर त्यावरून काढलेली रेघ, अशी मांडणी ठेवावी. जे नोंदीवरून वा छायाचित्रावरून सिद्ध आहे ते सलग रेषेने काढावे. जे अनुमानाने ठरवले आहे ते तुटक रेषेने काढावे. ज्याविषयी काहीच हाती नाही ती जागा कोरी सोडावी. तेथे शोभेसाठी खिडकी काढू नये. चित्राखाली बोटीचे नाव तर असतेच, पण ती कोणत्या वर्षी अशी दिसत होती ते वर्षही लिहावे. एखाद्या मित्राला चित्र दाखवून प्रत्येक रेघेवर बोट ठेवून ‘हे कशावरून?’ असे विचारावयास सांगावे. जेथे उत्तर देता येणार नाही तेथे खोडरबर वापरावे.

चौथ्या साधनाविषयी, माणसांच्या आठवणींविषयी, शेवटी लिहितो असे म्हटले होते. आपल्या वर्गांत कोकणातून आलेल्या कुटुंबांतील मुले-मुली असतील. त्यांच्या घरी आजी-आजोबांना आगबोटीचा प्रवास आठवत असेल. त्यांना ‘प्रवास कसा होता?’ असे विचारले तर ‘फार हाल व्हायचे’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी कागद-पेन्सिल पुढे ठेवावी. जिना कोणत्या बाजूला होता, बायकामुले कोठे बसत, ट्रंका कोठे रचत, पावसात ताडपत्री कोठून कोठवर बांधत, पडावातून बोटीवर चढताना हात कशाला धरत, हे विचारावे. आपण चुकीची रेघ ओढली की ती माणसे लगेच हात पुढे करून ‘असे नव्हे’ म्हणतील, आणि जे प्रश्नाने आठवले नाही ते त्या चुकीच्या रेघेने आठवेल. नोंदणीपुस्तके आणखी शंभर वर्षे जागेवर राहतील. कारखान्यांचे कागद परदेशी अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. पण तुतकावर वळकटी पसरून वेंगुर्ल्यापर्यंत गेलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढची बोट त्याच्याबरोबरच जाणार आहे. येत्या सुटीत ज्याला कोकणात जावयाचे असेल त्याने एक वही आणि दोन पेन्सिली अवश्य बरोबर न्याव्यात.